नाव तेच, भूछत्र वेगळं

जुन्या नोंदीत नाव ओळखीचं दिसलं की वस्तूही तीच, असं आपण धरून चालतो. संशोधनाला लागण्याआधी ही सवय मोडा. एक उदाहरण बघा.

युरोपातल्या कुरणांवर पांढरं भूछत्र उगवतं, लोक ते आवडीने खातात. लिनिअसने 1753 साली त्याला 'ॲगॅरिकस कॅम्पेस्ट्रिस' हे नाव दिलं. पण तशाच गवतात, जवळपास तसंच दिसणारं आणखी एक येतं. ते खाल्लं तर अनेकांना उलट्या-जुलाब होतात. फ्रान्सच्या जेनेव्हिए यांनी त्याला 'ॲगॅरिकस झँथोडर्मस' असं वेगळं नाव दिलं ते थेट 1876 साली. म्हणजे मध्ये 123 वर्षं गेली!

ओळखायचं कसं? देठाचं बूड कापा. झँथोडर्मस तिथे लगेच भडक पिवळा होतो आणि कार्बोलिक साबणासारखा वास येतो. नुसत्या पिवळेपणावर मात्र विसंबू नका. खाण्याजोगा 'ॲगॅरिकस अर्व्हेन्सिस'सुद्धा हळूहळू पिवळा पडतो, पण त्याला वास बडीशेपेसारखा.

खरी गोची पुढेच आहे. तो पिवळा रंग टिकत नाही, वासही उडून जातो. गोळा करणाऱ्याने तेव्हाच लिहून ठेवलं नसेल, तर सुकलेल्या नमुन्यावर या खुणा शोधणार कुठे? म्हणून 1876 पूर्वीच्या यादीत नुसतं 'कॅम्पेस्ट्रिस' वाचून निष्कर्ष काढू नका. लिहिणाऱ्याला कोणता फरक ठाऊक होता, त्याने काय तपासलं, हे आधी विचारा.

आणि स्वतः नमुना उचलाल तेव्हा रंग, वास जागेवरच वहीत उतरवा. पुढच्या अभ्यासकाच्या हाती तेवढंच उरणार आहे.