बंद खाण खरंच हिरवी झाली का? सॅटेलाइटवरून असं तपासा

बंद खाणीवर झाडं लावल्याचे फोटो अनेकदा पावसाळ्यातले असतात. पावसाळ्यात आपल्याकडे भिंतीवरही गवत उगवतं, त्यामुळे अशा फोटोवरून काही कळत नाही. त्यापेक्षा एनडीव्हीआय बघा.

हिरवी पानं लाल प्रकाश शोषतात आणि डोळ्यांना न दिसणारा नियर इन्फ्रारेड प्रकाश परत फेकतात. या दोघांची वजाबाकी भागिले बेरीज, म्हणजे एनडीव्हीआय. उत्तर -1 ते +1 मध्ये येतं. उघडा खडक शून्याच्या जरासा वर, दाट झाडी साधारण 0.6 च्या पुढे, तर खाणीच्या खड्ड्यात साचलेलं पाणी बहुधा शून्याखाली. युरोपच्या सेंटिनेल-2 सॅटेलाइटचा हा डेटा 10 मीटरच्या पिक्सेलमध्ये 'कोपर्निकस ब्राउझर'वर फुकट बघता येतो. जागा शोधा, ढग नसलेली तारीख निवडा, एनडीव्हीआय लेयर लावा. मोबाइलवर चालतं, पण लॅपटॉप असेल तर बरं.

तुलना नेहमी त्याच महिन्याशी करायची. यंदाचा एप्रिल आणि पाच वर्षांपूर्वीचा एप्रिल.

आता खरी गोम. एप्रिलमध्ये आकडा जास्त आला म्हणजे जंगल परत आलं, असं नाही. आपल्या डोंगरातली साग, पळस, काटेसावर ही झाडं उन्हाळ्यापर्यंत पानं गाळतात. खाणीच्या ढिगाऱ्यांवर सर्रास लावली जाणारी ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र बारमाही हिरवी. म्हणजे अस्सल जंगलापेक्षा हिचाच आकडा जास्त येऊ शकतो! म्हणून जवळचं न खणलेलं जंगल सोबत बघा. मिरा-भाईंदरकरांसाठी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहेच. दोन्हीकडचा आकडा वर्षभर सारखाच वर-खाली होत असेल, तर काम बरं चाललंय.

हे इतकं अवघड का? खाणीतून काढलेल्या ढिगाऱ्यात माती जवळजवळ नसते. नायट्रोजन नाही, सूक्ष्मजीव नाहीत, पाणीही टिकत नाही. नुसती रोपं लावली तर ती मरतात. नागपूर जिल्ह्यात गुमगावच्या मँगनीज खाणीवर 'नीरी'च्या शास्त्रज्ञांनी आधी हेच सुधारलं. साखर कारखान्यातला प्रेसमड ढिगाऱ्यात मिसळला, नायट्रोजन धरणारे जिवाणू आणि मुळांशी जोडी जमवणारी बुरशी दिली, मग साग, शिसवासारखी झाडं लावली. (मॅपवर शोधताना सावनेर तालुक्यातलं गुमगाव घ्या, हिंगण्याजवळचं नाही.)

सेंटिनेल-2 चा डेटा 2015 पासूनचाच आहे. त्याआधीचं बघायला अमेरिकेचा लँडसॅट लागतो. त्याचे 30 मीटर पिक्सेलचे फोटो 1980 च्या दशकापासून मिळतात, पण त्यात लहान दगडखाण पाच-दहा ठिपक्यांचीच दिसते.