स्टेशनच्या पार्किंगमध्ये जन्मलेलं फूल

पावसाळा सरता सरता सह्याद्रीतले गड सोनकीने पिवळेधमक होतात. फोटो आपण सगळेच काढतो. मला मात्र या सोनकीच्या इंग्लंडमधल्या भावकीची गोष्ट जास्त छळते.

सोनकी सूर्यफुलाच्या कुळातली. तिच्या वंशाचं शास्त्रीय नाव सेनेसिओ. लॅटिनमध्ये ‘सेनेक्स’ म्हणजे म्हातारा. बियांवरच्या पांढऱ्या केसांमुळे हे नाव पडलं. वाऱ्यावर तरंगणाऱ्या अशा बीला आपणही म्हातारीच म्हणतो!

या वंशातल्या दोन जाती सिसिलीच्या एटना ज्वालामुखीवर वाढतात. त्यांच्या संकरातून आलेलं एक रोप अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानात पोचलं. १७९४पर्यंत ते बागेबाहेर, शहरातल्या भिंतींवर उगवू लागलं होतं. पुढे १८४४मध्ये ऑक्सफर्डला रेल्वे आली. रुळांखालची खडी आणि जळक्या कोळशाचे खडे म्हणजे या रोपाला जणू लाव्हाची जमीनच. गाडीच्या झोतासरशी म्हाताऱ्या स्टेशनामागून स्टेशनं गाठू लागल्या. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज क्लॅरिज ड्रूस यांनी लिहून ठेवलंय, की अशा बिया ऑक्सफर्डला डब्यात शिरल्या आणि टाइलहर्स्टला बाहेर पडल्या. तिकीट अर्थातच नाही.

ही पाहुणी यॉर्कला पोचली आणि तिथल्या ग्राउंडसेल या साध्या तणाशी तिचा संकर झाला. असे संकर बहुतेकदा वांझ निघतात. पण १९७९मध्ये यॉर्क स्टेशनजवळच्या पार्किंगमध्ये जे रोप सापडलं, ते स्वतःच्या बळावर बी धरत होतं आणि आईबापांपासून वेगळं राहत होतं. म्हणजे चक्क एक नवी जात! २००३मध्ये शास्त्रज्ञांनी तिचं रीतसर बारसं केलं: सेनेसिओ एबोरासेन्सिस. एबोराकम हे यॉर्कचं रोमन काळातलं नाव.

पण नाव मिळेपर्यंत ती उघड्यावरून नाहीशी झाली होती. तिला कुणी ठरवून मारलं नाही. रस्त्याकडेच्या, मोकळ्या जागांवरच्या तणांवर औषध फवारलं जातं, तसंच तिच्यावरही फवारलं गेलं. फवारणाऱ्याच्या लेखी ती कचराच होती.

कुणीतरी तिचं थोडं बी जपून ठेवलं होतं, क्यूच्या मिलेनियम सीड बँकेत. त्यातूनच २०२३मध्ये ती यॉर्कमध्ये पुन्हा रुजवली गेली.

निसर्ग म्हटलं की आपल्याला दूरचं जंगल आठवतं. इथे मात्र माणसाच्या रेल्वेने एक जात घडवली, माणसाच्याच टापटिपीने ती पुसली आणि मूठभर बियांनी परत आणली. एखादी जात जन्मते तेव्हा ती दुर्मीळच असते, आणि दिसते मात्र तणासारखी. आपल्या सोसायटीत, स्टेशनाबाहेर, रुळांकडेला काय काय उपटलं जातं, याची नोंद कोण ठेवतंय?