मणक्याचा बाक आणि दप्तरातला आकडा
#थ्रेड

१/ इ.स. १६३४. लंडनमध्ये दर आठवड्याला निघणाऱ्या मृत्यूंच्या याद्यांत एक नवे नाव अवतरले : रिकेट्स, म्हणजे आपला मुडदूस. त्या वर्षी त्याखाली १४ मृत्यू नोंदले गेले. त्याआधी एकही नाही. मुलांची हाडे वाकवणारा हा रोग एकाएकी आकाशातून पडला की काय?

२/ हा प्रश्न जॉन ग्राँट या लंडनच्या व्यापाऱ्याने १६६२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विचारला. रोग नवा, की केवळ नाव नवे? ते ठरवण्यासाठी त्याने यकृत वाढल्याने झालेल्या मृत्यूंचे जुने सदर ताडून पाहिले. मृत्यूचे कारण त्या काळी बहुधा वृद्ध स्त्रिया पाहून सांगत आणि त्या सांगतील तेच दप्तरात चढे.

३/ ग्राँटची ही शंका साडेतीन शतकांनंतरही जिवंत आहे. तिचे एक उदाहरण म्हणजे तान्ह्या बाळाच्या कण्याला येणारा बाक, स्कोलिओसिस, आणि त्याला दिल्या गेलेल्या सांकेतिक क्रमांकांचा इतिहास.

४/ नाव प्राचीन आहे. ग्रीक ‘स्कोलिओस’ म्हणजे वाकडा. दुसऱ्या शतकातील वैद्य गेलन याच्या लेखनात ही संज्ञा येते. १७४१ साली निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने ‘सरळ’ आणि ‘बालक’ या अर्थांचे ग्रीक शब्द जोडून ‘ऑर्थोपेडी’ हा शब्द घडवला. त्याच्या ग्रंथातील खुंटाला बांधलेले वाकडे झाड आजही अस्थिशल्यविद्येचे बोधचिन्ह आहे.

५/ मात्र बाक किती, हे मोजता येत नव्हते. १८९५ साली राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि जिवंत माणसाचा कणा दिसू लागला. १९४८ साली अमेरिकेतील जॉन कॉब यांनी बाकाचा कोन अंशांत मोजण्याची रीत मांडली. आज १० अंश वा अधिक कोन असेल तरच त्यास स्कोलिओसिस म्हणतात.

६/ त्याच १९४८ मध्ये आणखी एक घटना घडली. विल्यम फार यांच्या इंग्लंडातील कार्यातून आणि झाक बर्तियाँ यांच्या १८९३ च्या यादीतून वाढलेले रोगवर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या हाती आले. तोवर ती प्रामुख्याने मृत्युकारणांची यादी होती. सहाव्या आवृत्तीपासून आजारांचीही गणना सुरू झाली. वाकड्या कण्याचे बाळ सहसा त्यानेच दगावत नाही. मृत्यूच्या यादीत त्याला जागा कुठून असणार?

७/ १९५० च्या दशकात ब्रिटिश शल्यविशारद जे. आय. पी. जेम्स यांनी अज्ञात कारणाच्या बाकाचे वयानुसार गट पाडले. तीन वर्षांखालील गटात एक नवल दिसले. १९६५ साली लॉइड-रॉबर्ट्स आणि पिल्चर यांनी १०० बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला : ९२ जणांचा बाक आपोआप सरळ झाला होता.

८/ उरलेल्यांचे काय? बाक वाढत गेला की बरगड्यांचा पिंजरा पिळवटतो, फुप्फुसांना वाढायला जागा उरत नाही आणि जिवावर बेतू शकते. म्हणजे कोणते बाळ थांबू शकते आणि कोणते नाही, हे लवकर ओळखणे हाच कळीचा मुद्दा.

९/ १९७२ साली लंडनमधील डॉ. मिन मेहता यांनी त्याची कसोटी दिली. बाकाच्या शिखरावरील मणका आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या बरगड्या यांच्यातील कोन मोजायचे. दोहोंतला फरक २० अंशांहून कमी असेल तर बाक बहुधा सुटतो. अधिक असेल तर बहुधा वाढतो.

१०/ २००५ साली त्यांनी १३६ बालकांचा अनुभव मांडला. सर्वांचा बाक वाढता होता. सर्वांना टप्प्याटप्प्याने प्लास्टर घातले गेले. सरासरी १ वर्ष ७ महिन्यांच्या वयात आलेल्या ९४ जणांचा कणा सरळ झाला. सरासरी अडीच वर्षांच्या वयात आलेल्या ४२ जणांचा बाक कमी झाला, पण गेला नाही. अंतर जेमतेम अकरा महिन्यांचे!

११/ आता दप्तराकडे वळू. नवव्या आवृत्तीच्या अमेरिकी रूपात या बालकांसाठी दोन क्रमांक होते : ७३७.३१, सुटत जाणारा बाक, ७३७.३२, वाढत जाणारा बाक. जो भेद उपचार ठरवतो, तोच दप्तरातही होता.

१२/ १ ऑक्टोबर २०१५ रोजी अमेरिकेने दहावी आवृत्ती स्वीकारली. दोन्ही क्रमांक जाऊन एम ४१.० हा एकच गट आला. त्याचे पोटभेद स्थानानुसार आहेत : छातीचा भाग एम ४१.०४, कमरेचा भाग एम ४१.०६. मणक्यांच्या जन्मजात घडणदोषाचा बाक तर वेगळ्याच प्रकरणात, क्यू ७६.३ खाली. बाक कुठे आहे, हे क्रमांक सांगू लागला. तो सुटतो आहे की वाढतो आहे, हे सांगेनासा झाला.

१३/ उद्याच्या एखाद्या संशोधकाला केवळ क्रमांकांवरून वाटेल, की २०१५ च्या शरद ऋतूत अमेरिकेतील वाढता बाक एका रात्रीत नाहीसा झाला. १६३४ च्या मुडदुसाची ही उलटी आवृत्ती. तो भेद आता डॉक्टरांच्या टिपणातच उरतो : कोनाचे माप, तारीख, मागच्या क्ष-किरण चित्राशी तुलना. टिपणात नुसते स्कोलिओसिस लिहून स्थानही गाळले, तर वाट्याला येतो एम ४१.००, म्हणजे ‘स्थान अनिर्दिष्ट’.

१४/ म्हणून जुनी आकडेवारी हाती आली, की आकड्याआधी सदर वाचावे. ते केव्हा सुरू झाले, केव्हा मोडले आणि नोंद कोण करत होते, हे विचारावे. ग्राँटने हेच केले होते. आलेखातील अचानक चढ रोगाचा असतो, तसाच कधी कारकुनाच्या नव्या यादीचाही असतो.

#इतिहास #वैद्यकाचा_इतिहास