गोरेपणाची क्रीम आणि किडनी: नैरोबी ते अकोला

चेहऱ्यावर सूज, पाय जड, लघवीला फेस. अशी तरुण मुलगी दवाखान्यात आली की पूर्वी मी ताप, घसादुखी, वेदनाशामक गोळ्या यांची चौकशी करायचो. आता आणखी एक प्रश्न असतो: "चेहऱ्याला काय लावतेस?" आई बाजूला बसलेली असेल तर उत्तर बऱ्याचदा "काही नाही" असंच येतं. मग मी आईला जरा बाहेर बसायला सांगतो.

हा प्रश्न का विचारायचा, याचा इतिहास पन्नास वर्षांहून जुना आहे.

पारा त्वचेला उजळ करतो, हे खरं आहे. त्वचेचा रंग मेलॅनिनमुळे असतो आणि मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेज या एन्झाइमला तांबं लागतं. पाऱ्याचे क्षार त्या एन्झाइमला अडवतात. काही आठवड्यांत चेहरा उजळतो आणि बाई खूश होते. पण तोच पारा त्वचेतून रक्तात जातो आणि किडनीत साठतो. तिथली गाळणी खराब झाली की प्रोटीन लघवीवाटे वाहून जातं आणि अंगावर सूज येते. यालाच नेफ्रॉटिक सिंड्रोम म्हणतात.

१९७२ साली नैरोबीतील डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आपले नेफ्रॉटिक सिंड्रोमचे प्रौढ रुग्ण मांडले. त्यातले निम्म्याहून अधिक जण पाऱ्याची गोरेपणाची क्रीम वापरत होते. अमेरिकेने १९७३ मध्ये सौंदर्यप्रसाधनांतील पाऱ्यावर कडक मर्यादा घातली आणि १९७६ मध्ये युरोपनेही नियम केले. भारताच्या २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांनुसार क्रीममध्ये पारा घालता येत नाही. नकळत आलेला पाराही एक पीपीएमच्या आतच हवा. डोळ्यांच्या प्रसाधनांना थोडी वेगळी सूट आहे. म्हणजे कागदावर प्रश्न सुटलेला होता.

आणि तरीही २०२३ च्या सुरुवातीला मुंबईच्या केईएम रुग्णालयातून बातमी आली. अकोल्यातील एकाच घरातल्या तीन स्त्रियांच्या किडनीला इजा झाली होती. तिघी एकच क्रीम लावत होत्या आणि ती स्थानिक ब्युटीशियनकडून घेतलेली होती. तपासणीत त्या क्रीममध्ये पारा मर्यादेच्या कित्येक पट जास्त निघाला. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती 'एकाच घरात' ही. तिघी वेगवेगळ्या दवाखान्यांत गेल्या असत्या, तर प्रत्येकीला वेगळं कारण सापडलं असतं.

पुढच्या वर्षी केरळमधील कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी 'किडनी इंटरनॅशनल'मध्ये आपले रुग्ण नोंदवले. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ दरम्यान त्यांना मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीचे २२ रुग्ण दिसले. त्यातील १५ जणांमध्ये नेल-१ हा प्रोटीन-प्रकार सापडला आणि त्यातल्या १३ जणांनी गोरेपणाची क्रीम वापरल्याचं कबूल केलं. क्रीम बंद झाल्यावर बहुतेक जण सुधारले. एका रुग्णाच्या मात्र मेंदूतील शिरेत रक्ताची गुठळी झाली.

दुसरी वाट स्टेरॉइडची. १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन यांचं मिश्रण मांडलं. ते डागांसाठी, देखरेखीखाली आणि थोड्या काळासाठी होतं. आपल्याकडे त्याचीच भावंडं मेडिकलमधून बिनधास्त विकली गेली. मार्च २०१८ मध्ये त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये आली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायला मनाई झाली. शेलारमध्ये मात्र "डॉक्टर, ती ट्यूब संपली, तीच द्या" अजूनही ऐकतो.

आता ट्यूबच्या पुढे सुई आली आहे. गोरं होण्यासाठी ग्लुटाथिऑनची सलाइन! फिलिपिन्सच्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच त्याविरुद्ध इशारा दिला होता. गोरेपणासाठी या इंजेक्शनला आपल्याकडेही मान्यता नाही. ब्रिटनमध्ये सौंदर्योपचार करणाऱ्या प्रशिक्षित नर्स आहेत. त्या आधी जुने आजार विचारतात, संमती घेतात, औषधाचा बॅच नंबर लिहून ठेवतात. आपल्याकडे 'एस्थेटिक नर्स' अशी स्वतंत्र नोंदणी नाही. नर्सची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असते आणि ती डॉक्टरांच्या सूचनेवरून इंजेक्शन देते. पार्लरमध्ये सुई लावणाऱ्या बाईकडे यातलं काय आहे, हे विचारायला लाजू नका. तिने औषधाची बाटली दाखवली नाही, तर उठून या.

क्रीमच्या खोक्यावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी हवी. 'कॅलोमेल', 'मर्क्युरिक', 'मर्क्युरस' हे शब्द दिसले तर ती लावणं आजच थांबवा. काहीच लिहिलेलं नसेल तरीही थांबवा. आणि सूज असेल तर ते खोकं पिशवीत घालून सोबत आणा, फेकू नका. लघवीची साधी तपासणी फार खर्चाची नसते, तिच्यात प्रोटीन दिसतं.