‘पॅसिफाय’ म्हणजे नेमकं काय? ‘शांत करणं’ आणि ‘सांत्वन’ यात गल्लत नको

हरणी (वडोदरा) : ‘पॅसिफाय’ हे इंग्रजी क्रियापद दुर्घटनेच्या बातमीत हमखास येतं आणि मराठीत आणताना हमखास चुकतं. अर्थ सोपा आहे : चिडलेल्या, रडणाऱ्या किंवा खवळलेल्या माणसाला शांत करणं. मूळ लॅटिन, ‘शांतता’ आणि ‘करणे’ या दोन शब्दांपासून बनलेलं. पॅसिफिक महासागराचं नावही त्याच कुळातलं, म्हणून आपण त्याला प्रशांत म्हणतो. तान्ह्या बाळाच्या तोंडात देतात त्या चोखणीला अमेरिकेत ‘पॅसिफायर’ म्हणतात. चोखणीतून दूध येत नाही, रडणं तेवढं थांबतं. शब्दाची खरी मेख इथेच आहे.

18 जानेवारी 2024 रोजी हरणीच्या मोटनाथ तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, अनेक मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना 4 लाख, तर केंद्राने 2 लाखांची मदत जाहीर केली. पुढे मे 2025 मध्ये मुख्यमंत्री भूपेंद्र पटेल यांचं वडोदऱ्यात भाषण सुरू असताना मुलं गमावलेल्या दोन आया उभ्या राहिल्या आणि न्याय मागू लागल्या. त्यांना नंतर भेटायला सांगण्यात आलं.

अशा वेळी अधिकारी जे करतात ते ‘पॅसिफाय’. मराठीत ‘समजूत काढली’ किंवा ‘शांत केलं’ लिहावं. गुजरातीत ‘मनाववुं’ जवळचं. ‘सांत्वन केलं’ मात्र लिहू नये. सांत्वनात दुःखात वाटेकरी होणं आहे, त्याला इंग्रजीत ‘कन्सोल’. मागणी मान्य करून गप्प करणं म्हणजे ‘अपीज’, आपलं ‘लांगूलचालन’. ‘न्याय दिला’ हा अर्थ तर यातल्या एकाही शब्दात नाही.

कर्म माणूस असेल तर असं. कर्म मुलूख असेल तर अर्थ चांगलाच कडक होतो. गायकवाडांची फौज काठियावाडात मुलुखगिरीला जायची. 1807 च्या सुमारास कर्नल वॉकरने तिथल्या संस्थानांची खंडणी कायमची ठरवून दिली. बंडखोर प्रदेश फौजेच्या जोरावर ‘पॅसिफाय’ केला, असं इंग्रजीत वाचलं तर ‘समजूत काढली’ चालणार नाही, तिथे ‘बंदोबस्त केला’ हेच बरोबर.