रिकाम्या ट्रान्सफॉर्मरचे बिल कोण भरते?

१/ इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत टेबलावर एक पेटी असते, बेंच पॉवर सप्लाय. भिंतीतील वीज घेऊन ती प्रयोगाला लागेल तेवढ्या कमी दाबाची डीसी वीज देते. प्रयोग संपतो, वायरी निघतात, पेटी मात्र चालूच राहते. हात लावला तर कोमट लागते. या कोमटपणाला सव्वाशे वर्षांहून अधिक इतिहास आहे. तोच या थ्रेडमध्ये पाहू.

२/ १८८५ साली बुडापेस्टच्या गांझ कारखान्यात झिपर्नोव्स्की, डेरी आणि ब्लाथी या अभियंत्यांनी बंद लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर घडवला. मार्च १८८६ मध्ये अमेरिकेतील ग्रेट बॅरिंग्टन या गावी विल्यम स्टॅन्ली यांनी ट्रान्सफॉर्मरच्या साहाय्याने दिवे उजळून दाखवले. वीज दूरवर नेणे आता परवडणारे झाले.

३/ मात्र या यंत्रात एक उणीव होती. प्रवाहाची दिशा पालटते तसे गाभ्याचे चुंबकत्वही पालटते आणि दर खेपेस थोडी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. दिवा लागलेला असो वा नसो, हा व्यय चालूच राहतो. १८९२ मध्ये चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी तो मोजण्याचे सूत्र मांडले.

४/ एक काल्पनिक हिशेब करू. १००० वॅटचा ट्रान्सफॉर्मर, गाभ्यातील व्यय ४० वॅट. घरातले दिवे संध्याकाळी २ तास पूर्ण क्षमतेने जळतात, म्हणजे २ युनिट वीज विकली गेली. गाभा मात्र २४ तास तापतो, म्हणजे ०.९६ युनिट वाया. दोन युनिट विकण्यासाठी जवळजवळ एक युनिट गमवायचे!

५/ हा तोटा कोणाचा? मीटर ट्रान्सफॉर्मरच्या पुढे, ग्राहकाच्या बाजूला असेल, तर वाया गेलेली वीज त्यावर नोंदलीच जात नाही. तोटा वीज कंपनीचा. म्हणूनच उपायही निघाले. घरोघरच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरांऐवजी अनेक घरांना मिळून एक मोठा ट्रान्सफॉर्मर आला. विसाव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट हॅडफिल्ड यांच्या सिलिकॉनयुक्त पोलादामुळे गाभ्यातील व्यय बराच घटला.

६/ पुढे छोटा ट्रान्सफॉर्मर पुन्हा घरात शिरला. रेडिओ, अ‍ॅडॅप्टर, चार्जर, आपली बेंच पेटी. या वेळी मात्र तो मीटरच्या अलीकडे, घरातल्या बाजूला होता. तोटा आता ग्राहकाचा, पण इतका विखुरलेला की बिलात तो दिसेना. उत्पादकाला गाभा स्वस्त हवा, कारण वाया जाणाऱ्या विजेचे पैसे त्याला द्यायचे नव्हते.

७/ जिथे बाजाराला घाई नव्हती, तिथे नियम आले. अमेरिकी संशोधक अ‍ॅलन मायर यांनी १९९८ मध्ये सुचवले की, वापरात नसलेल्या उपकरणाने १ वॅटहून अधिक वीज घेऊ नये. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने ही कल्पना उचलली. अमेरिकेत जुलै २००८ पासून बाह्य अ‍ॅडॅप्टरांना बिनभाराच्या स्थितीत ०.५ वॅटची मर्यादा लागू झाली. २०१६ मध्ये लहान अ‍ॅडॅप्टरांसाठी ती ०.१ वॅटपर्यंत खाली आली.

८/ मग भार सुटताच पूर्ण बंद होणारी पेटी का करू नये? करता येते. बटण दाबले की ट्रान्सफॉर्मरला वीज मिळते. भारातून वाहणारा प्रवाह एका छोट्या रोधकातून जातो, त्यावरील दाब ओळखून रिले ओढला जातो आणि बटण सोडले तरी जोडणी टिकते. वायर काढली की प्रवाह थांबतो, रिले सुटतो आणि ट्रान्सफॉर्मरची मुख्य वीजच तुटते. व्यय शून्य.

९/ ही युक्ती मुळात जुनी आहे. डीसी मोटरच्या स्टार्टरमध्ये मूठ विद्युतचुंबकाने धरून ठेवलेली असते. वीज गेली की स्प्रिंग तिला मागे खेचते. हाताने सुरुवात करायची, विजेने धरून ठेवायचे, वीज थांबली की सोडून द्यायचे. रिलेचे कामही असेच चालते.

१०/ यात एक अडचण मात्र उरते. पेटी आपोआप बंद होते, आपोआप चालू होत नाही. भार परत आला हे ओळखायला कोणीतरी जागे हवे आणि जाग्या पहारेकऱ्याला वीज लागते. कायद्यातली मर्यादा ०.१ वॅटवर येऊन थांबली, शून्यावर नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

११/ भारतातील सॉकेटशेजारी बहुधा स्वतंत्र बटण असते. अनेक देशांत ते नसते. ते बटण बंद केले की व्यय खरोखर शून्य होतो. ट्रान्सफॉर्मरच्या या इतिहासात उपाय तिथेच लवकर निघाला, जिथे तोटा सोसणारा आणि यंत्र निवडणारा एकच होता. आपल्या खोलीत ते दोघेही आपणच आहोत. तेव्हा हा थ्रेड संपताच चार्जरकडे एकदा पाहा.