जॅक नावाच्या गड्याची कुळकथा

"कोणता जॅक देऊ भाऊ, मेल का फिमेल?"

बर्डीवर, मोदी नंबरच्या एका गल्लीत, काउंटरपाशी हा प्रश्न आला आणि मी गप्प झालो. काम साधं होतं. उन्हाळाभर आमच्या स्पीकरशेजारी कूलर चालला. नागपूरच्या मे महिन्यात कूलर माणसाला जो ओलावा देतो, तोच स्पीकरच्या मागे खोचलेल्या उघड्या तांब्यालाही देतो. जूनमध्ये वायर ओढून पाहिली तर टोकं काळी-हिरवी पडलेली, आणि दोन सुटे तंतू शेजारच्या स्क्रूला टेकायच्या बेतात. लाल-काळं एकमेकांना भिडलं असतं तर अँप्लिफायरचं काही खरं नव्हतं. म्हणून टोकांना लावायला काहीतरी हवं होतं. दुकानदाराने मात्र मला व्याकरणात पाडलं.

कारण इंग्रजीत जॅक म्हणजे भोक. पॅनेलवर पक्कं बसलेलं, दुसऱ्याला आत घेणारं. आत जातो तो प्लग. या हिशेबाने 'मेल जॅक' हा न्यायशास्त्रातल्या वंध्यापुत्राचा सख्खा भाऊ. पण आपल्याकडे कुणालाही विचारा: हेडफोनचा जॅक खराब झाला म्हणजे काय? वायरीच्या टोकाची चकचकीत पिन. शब्द उलटा कधी झाला, याचा माग काढता काढता मी स्पीकर विसरलो.

जॅक हे मुळात माणसाचं नाव. जॉनचं घरगुती रूप, आणि पुढे कुठल्याही पोऱ्याला, नोकराला मारायची हाक. मुंबईच्या घरांत गड्याचं नाव काहीही असो, त्याला 'रामा' म्हणायचे, तसा हा इंग्रजांचा रामा. मग माणसाचं काम करणाऱ्या वस्तूंनाही तेच नाव मिळालं. बूट काढायचा जॅक, मांस भाजताना सळई फिरवणारा जॅक, गाडी उचलणारा जॅक. घडीच्या चाकूला म्हणाले जॅकनाइफ.

या चाकूपाशीच खरी गाठ आहे. २८ जानेवारी १८७८ रोजी अमेरिकेत न्यू हेवन इथे पहिलं व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. ग्राहक २१. त्याच सुमारास चार्ल्स स्क्रिबनर या तरुण इंजिनिअरने स्विचबोर्डासाठी एक जोड तयार केला. त्यातली स्प्रिंगची पट्टी घडीच्या चाकूसारखी हलायची, म्हणून त्याचं नाव जॅकनाइफ स्विच. पुढे 'नाइफ' गळालं, 'स्विच' गळालं, उरला एकटा जॅक. ऑपरेटर प्लग उचलायची आणि ग्राहकाच्या जॅकमध्ये खोचायची. पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा तो प्लग आजही गिटारीला आणि ऑर्केस्ट्राच्या माइकला लागतो. त्याचं धाकटं भावंड ३.५ मिलिमीटरचं, आपल्या हेडफोनचं.

मग आपल्याकडे भोकाचं नाव पिनेला कसं गेलं? माझा अंदाज ठाम आहे: जी वस्तू हातात येते, विकत घ्यावी लागते आणि तुटते, तिलाच लोक नाव देतात. भोक कोण विकत घेतं?

आता मोठा वाद. 'त्याचा मंत्रालयात जॅक आहे', 'जॅक लावून बदली करून घेतली', ही मराठी आपण रोज बोलतो. हा जॅक कुठला? सरळ उत्तर गाडीच्या जॅकचं. जड ओझं थोड्या श्रमात वर जातं, माणूसही तसाच वर जातो. खालून टेकू लावण्याची कल्पना इतकी चपखल की पुढे बोलायची सोय नाही.

तरी मी बोलणार. माझा कौल टेलिफोनच्या बाजूने आहे. मुंबई, कलकत्ता, मद्रासची एक्स्चेंज १८८२ साली उघडली, आणि ग्राहकाने परगावी थेट नंबर फिरवण्याची सोय देशात पहिल्यांदा १९६० मध्ये, लखनौ-कानपूर मार्गावर आली. तोवर प्रत्येक ट्रंक कॉल कुणीतरी हाताने जोडायचं. नागपूरहून मुंबई मागितली की वाट पाहत बसायचं, आणि एक्स्चेंजात ओळख असलेल्याचा कॉल आधी लागायचा असं इतर सगळे मानायचे. योग्य भोकात योग्य पिन, की थेट साहेबाच्या कानात! वशिल्याचं याहून चांगलं चित्र सांगा. शिवाय गाडीचा जॅक काम झालं की काढून डिकीत टाकतात. मंत्रालयातला जॅक काढून कसा चालेल, तो लागलेलाच असावा लागतो. आता टेलिफोन खात्यातली माणसं स्वतः जॅक म्हणायची ते भोकालाच, हे माझ्या विरुद्ध जातं. पण वाक्प्रचार काही खात्याने घडवला नाही, बाहेर ताटकळणाऱ्यांनी घडवला.

'वशिला' या शब्दानेही मला मोह घातला होता. तो अरबी 'वसीला', म्हणजे साधन, जवळ पोचायचा मार्ग. गझलेतला 'वस्ल' म्हणजे मीलन, जोड. दोन्ही एकाच घरचे निघाले तर वशिला म्हणजे अक्षरशः कनेक्टर! पण निघाले नाहीत. वसील्यातला स अरबीत 'सीन', वस्लमधला 'साद'. देवनागरीत ते एकसारखे दिसतात, कुळं वेगळी आहेत. हा दावा मी सोडला. टेलिफोनचा सोडत नाही.

राहिलं वायरीच्या टोकाला लावायच्या बनाना प्लगचं. मधोमध फुगलेल्या स्प्रिंगांमुळे केळ्याचं नाव पडलं. जनकत्वावर हक्क दोघांचा, जर्मनीचे रिचर्ड हिर्शमान आणि अमेरिकेची जनरल रेडिओ कंपनी, आणि दोघांचं सालही १९२४. जाडी ४ मिलिमीटर. जोडीतलं अंतर पाऊण इंच, आणि आपल्या भिंतीवरच्या सहा अँपिअरच्या सॉकेटमधल्या फेज-न्यूट्रलचं अंतरही तेवढंच. युरोपातल्या भिंतीवर ते १९ मिलिमीटर, म्हणजे व्यवहारात तेच. स्पीकरच्या मागे लाल-काळ्या टर्मिनलांच्या तोंडाला प्लॅस्टिकची बुचं असतात ती याच धास्तीपोटी: स्पीकरची पिन कुणी भिंतीत खोचायची सवय लावून घेऊ नये. बुचं काढा, पण घरात लहान मूल असेल तर सुट्या वायरी लोंबत ठेवू नका.

शेवटी मी काय घेतलं? दीड एमएमच्या तांब्याच्या वायरीला मीटरमागे सुमारे ०.०११५ ओहम रोध असतो. पाच मीटर वायर, जाऊन-येऊन दहा मीटर, ०.११५ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे हा जेमतेम दीड टक्का, आणि घट्ट बसलेल्या टोकाचा रोध त्याहूनही कितीतरी कमी. त्यामुळे टोक बदलल्याने लताबाईंचा आवाज गोड होत नाही. सोन्याचा मुलामा गंजत नाही, एवढाच त्याचा गुण. टर्मिनलला भोक असेल तर स्क्रूने आवळायचं केळं घ्या. नुसता स्क्रू असेल तर यू आकाराचं थिंबल. दाबायच्या क्लिपा असतील तर दोन्ही बसणार नाहीत, तिथे बारीक पिन लावा, नाहीतर तंतू नीट पिळून उघडी वायरच खोचा आणि दर उन्हाळ्यानंतर काळं टोक कापून नवं सोला.

मी केळी घेतली, दोन स्पीकरांच्या दोन्ही टोकांना मिळून आठ. आणि दुकानदाराला बिनदिक्कत सांगितलं, "मेल जॅक द्या."